आई, तुम्हाला माहीत होतं

आई, तुमच्या बाराव्याला फोटोला हार घालायला मला पुढे केलं आणि मी मागे सरले. एकुलती एक सून, आणि हार घालत नाही. बायका बघत राहिल्या. नितेशने माझ्या हातातला हार घेतला, घातला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर मांडवात जाऊन बसला. "धक्का बसलाय तिला," असं कोणीतरी म्हणालं. धक्का नव्हता. राग होता. तुम्हाला जाऊन महिना होत आला, तरी तो कमी झालेला नाही.

गेलेल्या माणसाला उलट बोलू नये, हे मलाही घरी शिकवलंय. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही मध्येच उठून गेलात. तेव्हा आता बोलण्याची पाळी माझी आहे, आणि तुम्ही ऐकायचं आहे.

मागच्या मे महिन्यातली तुमच्या पुतण्याची हळद आठवते? गावठाणामागच्या मैदानात मांडव होता. त्या वर्षी डीजेवाल्याने नवे दिवे आणले होते. गाण्याचा वेग वाढला की पांढरा प्रकाश इतका भराभर उघडमीट करायचा, की नाचणारी माणसं तुकड्यातुकड्यांत दिसायची. हात वर, मग काळोख, मग तोच हात खाली. माझी तन्वी अगदी पुढे, दिव्यांसमोर नाचत होती. तेरा वर्षांची पोर, नवा घागरा. मी तिचा व्हिडिओ काढत होते. मोबाइलमध्येच मी तिला थांबताना पाहिलं. मान एका बाजूला ओढली गेली, हात आखडले, आणि ती उभ्याची आडवी झाली. मला वाटलं, पाय अडकला.

मी पोचेपर्यंत लोकांचा गराडा पडला होता. कोणी कांदा आणा म्हणत होतं, कोणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरत होतं, कोणी दातांमध्ये चमचा घालायला बघत होतं. मी नुसती किंचाळत होते. तेवढ्यात गर्दी फोडून तुम्ही आलात. चप्पलवाल्याला धक्का मारून बाजूला केलंत. "तोंडान काय घालू नका! सरा, वारा लागू द्या!" तन्वीला कुशीवर वळवलंत, तिच्या डोक्याखाली स्वतःची मांडी दिलीत. तुमचा हात तिच्या पाठीवर होता आणि तो अजिबात थरथरत नव्हता. तिचा घागरा ओला झालेला दिसला तेव्हा कोणाच्या लक्षात यायच्या आत तुम्ही तुमची शाल तिच्या कमरेवर टाकलीत.

त्या क्षणासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. हे लिहिताना माझा हात अडतोय, पण लिहिते. त्या मांडवात एकच शहाणं माणूस होतं आणि ते तुम्ही होतात.

मात्र ती शुद्धीवर आल्यावर तुम्ही सगळ्यांना काय सांगितलंत? "पोर सकालपासून उपाशी व्हती. चक्कर आयली." आणि रिक्षात बसताना मला हळू आवाजात म्हणालात, "डॉक्टरकडं न्हेयाची काय घाई नाय. लिंबू-सरबत दे, निजव." तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाचं माणूस, दवाखान्याला घाबरतं. इतक्या सराईतपणे पोरीला कुशीवर वळवणारं माणूस दवाखान्याला का घाबरेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ती चूक माझी.

वाशीच्या डॉक्टरांकडे तुम्ही हट्टाने आमच्याबरोबर आलात. नितेशला कंटेनर यार्डातून सुट्टी मिळाली नव्हती. तन्वीच्या डोक्याला तारा लावल्या, समोर दिवा लुकलुकवला, आणि मशीनच्या कागदावरच्या रेघा उसळल्या. डॉक्टर समजावून सांगत होते. काही मुलांचा मेंदू ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाने असा बिथरतो. डीजेचे दिवे, अंधारात जवळून पाहिलेला टीव्ही, गाडीतून जाताना पुलाच्या कठड्यातून लपलप करत येणारं ऊनसुद्धा. गोळ्या नेमाने घ्यायच्या, झोप पुरी करायची, बाकी पोरीने शिकायचं, खेळायचं, सगळं करायचं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

मी तुमच्याकडे बघितलं. माझ्या माहेरी कोणाला नव्हता, नितेशच्या बाजूचं मला ठाऊक नव्हतं. तुम्ही डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालात, "नाय. कुनाला नाय."

डॉक्टरांनी तन्वीला एक युक्ती दाखवली. अचानक दिवे लुकलुकायला लागले तर नुसते डोळे मिटून भागत नाही. एका डोळ्यावर तळवा घट्ट दाबायचा, तोंड फिरवायचं आणि तिथून निघायचं. तन्वीने लगेच करून दाखवलं. उजवा तळवा उजव्या डोळ्यावर, मान डावीकडे. आणि हसून म्हणाली, "आई, आजी पण असंच करते!"

तुम्ही पर्समधून रुमाल काढायला खाली वाकलात. बराच वेळ वर आलाच नाहीत.

परत येताना गाडी खाडीपुलावर आली. उन्हं कलली होती आणि तुम्ही, सोळा वर्षं मी बघत आले होते तसा, पदर उजव्या डोळ्यावर ओढून मान आत वळवून बसलात. गाडी लागते म्हणून तुम्ही असं बसता, असं मी समजत होते. मी तुमच्यासाठी पर्समध्ये आवळासुपारी ठेवायचे, आई. सोळा वर्षं. दर हळदीला तुम्ही स्वयंपाकाच्या बाजूला, स्टेजकडे पाठ करून का बसता, ट्यूबलाइट फडफडायला लागली की त्याच दिवशी का बदलायला लावता, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. पण तन्वी मागे बसली होती, म्हणून मी गप्प राहिले. आणि खरं सांगू? मला खात्रीही करून घ्यायची नव्हती. तुमच्याबद्दल इतकं वाईट मानायला मन धजत नव्हतं.

कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते मी विसरलेले नाही. नेरुळच्या फ्लॅटमधली, साताऱ्याच्या घरातली पोर आगऱ्यांच्या गावठाणात लग्न करून आली. मासळीच्या वासाने मला मळमळायचं. तुम्ही मला खाडीतली निवटी साफ करायला शिकवलंत आणि पहिल्यांदा कालवण बिघडवलं तेव्हा ते वाटीभर प्यालात. न्हावा शेव्याच्या ऑफिसातली माझी नोकरी सोडायला मामंजींनी सांगितलं, तेव्हा तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "ती जाईल कामाला. पोरीला मी बगीन." आणि बघितलंत. तन्वी माझ्यापेक्षा तुमच्या अंगाखांद्यावर जास्त वाढली. म्हणूनच मी शाळेचं ते पत्र तुमच्या हातात दिलं. दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नसतं.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग होतं. तन्वीचा नाच बसला होता. मी वर्गशिक्षिकेला सविस्तर पत्र लिहिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली. तन्वी स्टेजवर असताना लुकलुकणारे दिवे लावू नयेत, साधे दिवे चालतील, एवढंच मागणं. मला सकाळी सातला निघायचं होतं. तन्वीला सोडायला तुम्ही जाणार होतात. संध्याकाळी मी विचारलं, "आई, पत्र दिलंत?" तुम्ही तांदूळ निवडत होतात. "दिलं. बाई चांगली हाय. हो म्हंगाली."

पोरीनेही विचारलं होतं तुम्हाला, नाही का? तिने मला नंतर सांगितलं. "आजी, बाईंनी नक्की हो म्हटलं ना? मग मी पुढच्या ओळीत उभी राहू?" तुम्ही म्हणालात, "रा उभी."

ती पुढच्या ओळीत उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला दिवे सुरू झाले. तिने तळवा डोळ्याकडे नेला, मी पाहिलं, तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला होता. पण ती घाबरली नाही, पळालीही नाही, कारण तिला वाटलं चुकून लागले असतील, बाई आता बंद करतील. तिचा विश्वास होता. त्या विश्वासावर ती चार सेकंद जास्त थांबली आणि स्टेजच्या कडेवरून तोंडावर खाली पडली. पुढचे दोन दात गेले, मनगट मोडलं. शाळेतल्या सगळ्या पोरांसमोर.

दवाखान्यात बाई रडत होत्या. मी त्यांच्या अंगावर ओरडले, "पत्र दिलं होतं ना तुम्हाला!" त्या म्हणाल्या, "कुठलं पत्र?"

तुम्ही बाकावर बसला होतात. मी वळून बघितलं. तुम्ही मान खाली घातली, आणि मला सगळं कळलं.

त्यानंतर आपल्या स्वयंपाकघरात जे झालं ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. तन्वी आत झोपली होती, हाताला प्लास्टर. मी म्हटलं, "का दिलं नाहीत?"

"सगल्या शाळंला कललं असतं."

"आता कळलं नाही? स्टेजवरून पडून कळलं ते बरं झालं?"

मग मी तो प्रश्न विचारला. "तुम्हाला स्वतःला येते ना फिट?"

तुम्ही ओट्याला धरून खाली बसलात. मला वाटलं, नाही म्हणाल. पण तुम्ही तुमच्या बहिणीचं, हिराचं नाव घेतलंत. सोळा वर्षांत मी ते नाव ऐकलं नव्हतं. उरणकडच्या तुमच्या माहेरी मिठागरं होती. दुपारच्या उन्हात पाणी चमचमायचं आणि तुम्ही दोघी बहिणी तिथं कामाला असताना कधी ती पडायची, कधी तुम्ही. हिराचं लग्न झालं, आठव्या दिवशी सासरी फिट आली, नवव्या दिवशी भावाच्या दारात आणून सोडली. मग मरेपर्यंत तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. तुम्ही त्याच घरातून नवरी होऊन निघालात. तुमच्या आईने मांडवात कानात सांगितलं होतं, मेलीस तरी बोलू नको.

"मी सांगलं असतं तं मना ठेवली असती का गं?" तुम्ही विचारलंत.

आई, मला त्या वेळी तुमच्या शेजारी बसावंसं वाटलं होतं. खरंच. पण आतल्या खोलीत माझ्या पोरीच्या तोंडाला टाके होते. मी उभीच राहिले. म्हटलं, "तुमच्या सासूला सांगितलं नाहीत, समजलं. नवऱ्याला सांगितलं नाहीत, तेही समजलं. मला का नाही? मी ठेवलं नसतं का तुम्हाला? तन्वीच्या जन्मापासून तुम्हाला माहीत होतं की हे तिच्यात येऊ शकतं. नाचायला तिला पुढे तुम्ही पाठवलंत."

तुम्ही डोळे पुसले आणि एकदम कडक झालात. "तू चांगली हायेस, शुभांगी. पन उद्या तुझ्या पोरीला बगायला येतील, ते चांगले असतील? सांग ना. हायेत चांगले?"

मी सर्वात वाईट ते बोलले. म्हटलं, "माझ्या पोरीपासून लांब राहा." आणि निघून गेले.

आपलं शेवटचं धड बोलणं ते. त्यानंतर सव्वादोन महिने एका घरात राहिलो आणि मी तुमच्याशी कामापुरतंही बोलले नाही. तन्वी मात्र तुमच्याकडे जायची. मी अडवलं तर म्हणाली, "तुझं तू बघ. मी आजीशी कट्टी नाहीये." तिचे दात गेले होते, तिने माफ केलं होतं. मला जमलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणालात, "चाय ठेवतेस काय जराशी?" मी ठेवला, पण हातात दिला नाही. तन्वीबरोबर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखतंय म्हणालात आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं. त्या चहाचं मला वाईट वाटतं. लिहून ठेवते, म्हणजे मी ते नाकारलं असं व्हायला नको. पण त्या वाईट वाटण्यात पत्र विरघळत नाही.

बाराव्याला जेवणं झाल्यावर बायका बसल्या होत्या. वनिता, तुमची लेक, सगळ्यांना सांगत होती, "माझी आई कधी एक दिवस आजारी पडली नाय. एक गोळी माहीत नव्हती तिला." आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आईंना फिट येत होती. लहानपणापासून. कधी औषध मिळालं नाही. तन्वीलाही येते, ती औषध घेते."

एका बाईने भांडी उचलायला सुरुवात केली. वनिता माझ्या तोंडाशी येऊन म्हणाली, "मेल्यावर पन तिची अब्रू काढलीस? तुला लाज नाय वाटली?" नितेश रात्री एवढंच म्हणाला, "मी सहा वर्षांचा असताना दोनदा बघितलं होतं. आई म्हणाली होती, कोणाला सांगितलंस तर मी विहिरीत जीव देईन." म्हणजे त्यालाही माहीत होतं. सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात तुम्ही ते बांधलंत, आणि तो चाळीस वर्षं गळ्यात घेऊन फिरला. मी त्याच्याशी भांडले नाही. त्याच्या वाटणीचा रागही तुमच्याच नावावर टाकला.

मला वाटलं होतं, इथे संपलं. पण तुम्ही आणखी एक ठेवून गेला होतात.

वनिताची रिया. तुमची लाडकी नात, एकवीस वर्षांची. मे महिन्यात लग्न ठरलेलं, पत्रिका छापायला टाकलेल्या. मागच्या आठवड्यात वनिताचा फोन आला आणि ती सरळ ओरडायलाच लागली. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. रियाला दोनदा फिट आली होती, एकदा कॉलेजच्या पार्टीत, एकदा मैत्रिणीच्या हळदीत. वनिताने ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, लगीन व्हईपर्यंत गप राव. आता मुलाच्या घरी कळलं होतं. "तूच सांगितलंस! बाराव्याला तोंड सुटलं, ते थांबलंच नाय तुझं! आई असती तर हे झालं नसतं!"

मी म्हटलं, "खरं आहे. आई असत्या तर नसतं झालं." आणि फोन ठेवला. तुमचं खरं ठरलं होतं. बघायला येणारे चांगले नव्हते. स्वयंपाकघरात तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं तसंच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिया आली. एकटी, कोणाला न सांगता. दारातच म्हणाली, "मामी, तुझा तो वाशीचा डॉक्टर आज बसतो का?"

मी तिला गाडीत घातलं. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "तू नाही सांगितलंस त्याला, मला माहितीये. मीच सांगितलं. भेटायला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घरी गेला आणि त्याच्या आईचा फोन आला."

"मग वनिताला का नाही सांगितलंस? ती माझ्या नावाने खडे फोडतेय."

"सांगणारे. आज संध्याकाळी. काल हिंमत नव्हती." मग जरा वेळाने, "मामी, हळदीचा डीजे ठरला होता गं. माझ्याच हळदीत, त्या सगळ्यांसमोर मी पडले असते तर? आजीनं काय केलं असतं? शाल टाकली असती. मग?"

मग काय, आई? मी हाच प्रश्न तुम्हाला विचारते आहे. शाल टाकली असती, आणि मग?

डॉक्टरांनी रियाला गोळ्या दिल्या. तिने तिथेच, सगळ्यांसमोर, पाण्याच्या फिल्टरपाशी उभी राहून पहिली घेतली. परतताना ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. चेहरा सुजलेला दिसत होता, म्हणून मी विचारलं, "रात्रभर रडलीस का?"

"रडले ना. खूप रडले," ती म्हणाली. "पण मग झोप लागली, मामी. सहा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. आईने उठवलं तेव्हा दहा वाजले होते."

मी गाडी चालवत राहिले. पण तेव्हापासून तुम्हाला एक विचारायचं राहून जातंय. रागाने नाही, खरंच विचारायचंय. त्या घरात, त्या नवऱ्याशेजारी, आम्हा सगळ्यांमध्ये राहून, आई, तुम्हाला कधी तरी एक रात्र अशी झोप लागली होती का हो?